घारापुरीची बेपत्ता कवळी

तपास अहवाल. लिहिणार : शंतनु, खासगी गुप्तहेर.

लालबागपासून चिंचपोकळीपर्यंतच्या अथांग मुलखात ज्याचं नाव ऐकून गुन्हेगार चळाचळा कापतात, तो मी. नजर ससाण्याची, नाक शिकारी कुत्र्याचं. मेंदूला योग्य उपमा अजून सापडलेली नाही.

पद्मजाची नोंद : मी याची धाकटी बहीण आणि सहायक. उपमा सापडली आहे, घरी सांगेन. मुलूख चालत दहा मिनिटांचा आहे.

पार्श्वभूमी. आमच्या चाळीतल्या अनुजाचं ब्रेंडनशी जमलं. आता नानांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, ब्रेंडनच्या आजीशी बोलून लग्न पक्कं करायचं होतं. लालबागला आमच्याकडे भेटायचं की गिरगावात त्यांच्याकडे, यावर तीन महिने एकमत होईना. शेवटी रविवारी बोटीने घारापुरी ठरलं. समुद्रापलीकडे, झाडीत, दोघांपैकी कुणाचंच घर नाही. संरक्षणासाठी मी सोबत.

पद्मजा : पातेली उचलायला.

आम्ही सकाळच्याच बोटीने पोचलो. नानांनी वाटेत पेरू खाल्ला आणि झाडाखाली सतरंजीवर आडवे झाले. अनुजाची आई शांताकाकू जेवण मांडू लागल्या. साडेबाराला ब्रेंडनच्या आजी, कॅथरीनबाई, त्याचा हात धरून पायऱ्या चढताना दिसल्या. मी नानांना उठवलं. ते उठले आणि तोंडावर रुमाल दाबून झाडाकडे तोंड करून बसले.

"नाना, काय झालं?"

"फंतनु," ते रुमालातून म्हणाले, "कवळी गेली."

"कुठे ठेवली होती?"

"पेरूची बी अडकली म्हणून काढली. ठेवली कुठे, फाफ विफरलो."

पद्मजा : नाना गिरणीत होते तेव्हाही बिनइस्त्रीच्या शर्टाने कामावर गेले नाहीत. व्याह्यांसमोर बिनदातांचं जाणं शक्यच नव्हतं.

पहिला संशयित : माकड. समोरच्या फांदीवर एक जण काहीतरी चघळत, दात विचकत बसला होता. मी झाडावर चढलो.

पद्मजा : दोन फूट. दात माकडाचेच होते. याचा चष्मा मात्र गेला.

दुसरा : समुद्रपक्षी. बोटीवर नाना त्यांना गाठिया टाकत होते. ओघात एखादी वस्तू...

"अरे, त्यानंतर त्यांनी पेरू खाल्ला ना!" अनुजा ओरडली.

तिसरा : स्वतः नाना. मी त्यांच्या पोटाला कान लावला. आत पेरू होता.

तेवढ्यात कॅथरीनबाईंचा आवाज आला. "ब्रेंडन, चल बाबा, पुढच्या बोटीने जाऊ. मानूस पाठ फिरवून बसलाय. आपन त्यांना पसंत नाय."

"तसं नाहीये, आजी!" अनुजाचे डोळे भरले.

"मग बोलत का नाय?"

नाना ते ऐकत होते. त्यांनी रुमाल आणखी घट्ट दाबला.

मी उभा राहिलो. वेळ आली होती. सतरंजीवर स्टीलचे पेले ओळीने भरून ठेवले होते. घसा ओला करायला नानांच्या उशाशी असलेला उचलला.

इथून पुढे पद्मजा. शंतनुदादा लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

शांताकाकूंच्या घरचा नियम असा, की पाहुणे येणार असताना एकही पेला रिकामा दिसता कामा नये. एक डोळा माकडांवर ठेवून त्या ओळीने सोलकढी ओतत गेल्या होत्या. पेल्यात काय आहे, हे बघायची पद्धत नाही.

"चोर," दादा म्हणाला, एक घोट घेतला, "आपल्यातच आहे." दुसरा घोट. "नानांनी बोलू नये, यात कुणाचा फायदा?" मोठा घोट. बोट ब्रेंडनकडे. "ज्याला नकार ऐकायचा नाही, त्याचा!"

"थांब," कॅथरीनबाई म्हणाल्या. "आनखी पिऊ नको."

"का? पुराव्याला घाबरलात?"

"पुरावा तू पितोयस."

सगळे वाकले. गुलाबी सोलकढीत गुलाबी हिरडी. कढी अर्धी झाल्यावर वरचे दात हसत बाहेर आले होते.

दादा झाडामागे गेला.

शांताकाकूंनी कपाळाला हात लावला. नाना आणखीच आक्रसले. आता तर सगळ्यांनीच पाहिलं होतं.

कॅथरीनबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. क्षणभर मान वळवली, तोंडात बोट घातलं आणि स्वतःची कवळी काढून हातरुमालावर ठेवली.

"ह्ये बघा, नाना. माझे बी नायत. आता बोला."

नानांनी रुमाल खाली घेतला. आधी हसले, मग बोलायला लागले. त्याही बोलायला लागल्या. अर्धा तास. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. एकमेकांचं त्यांना सगळं कळत होतं. बोटांवर काहीतरी मोजलं, मान हलवली, आणि नानांनी अनुजाचा हात ब्रेंडनच्या हातात दिला.

"तारीख कुठली ठरली?" ब्रेंडनने हळूच विचारलं.

दादा झाडामागून आला. चेहरा पांढरा, पण आवाज तोच. "तारखेचा छडा मी लावतो."

"नको रे दादा," अनुजा म्हणाली. "त्यांना दात घालू देत. मीच विचारते."