सुलेमानभाईंची टाच

"टाच माझी, टेंपो माझा! मधे हा डॉक्टर कोण सांगणारा?" भिसेगावातल्या आपल्या ओट्यावर बसून सुलेमानभाई गरजले, उठायला गेले आणि "या अल्ला!" म्हणत परत खाली बसले.

डावी टाच त्यांना कित्येक महिने छळत होती. कधी पोटरीपर्यंत ठणका, कधी मुंग्या, तर कधी काहीच नाही! एक्स-रे अगदी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "कमरेत नस दबत असावी. तपासण्या करू. तोवर क्लच दाबायचा नाही." भाईंच्या बायकोने, मुनिराने, शेवटचं तेवढं ऐकलं आणि चौक गावच्या गॅरेजवाल्या कमलेशला टेंपो विकायचं ठरवूनही टाकलं.

टेंपो विकायचा! भिवपुरीच्या क्वार्टर्समधली बदलीची बिऱ्हाडं ह्याच टेंपोने हलवली होती. कपाटं, कुंड्या आणि मागे राहिलेल्या मैत्रिणींना हात करत रडणाऱ्या पोरी. लेक झिनतची पाठवणीसुद्धा ह्यातूनच, कारण नवरदेवाची सजवलेली गाडी ऐन वेळी बंद पडली! ते दिवस आठवले की भाई फडकं घेऊन टेंपो पुसत बसायचे.

"चौकपर्यंत मीच चालवतो," ते म्हणाले. "तोंडातून 'या अल्ला' निघालं तर टेंपो कमलेशचा. नाय निघालं तर घरचा!"

"चालंल. मी बाजूला बसून ऐकते."

टाचेवरचा घरगुती उपाय सगळ्यांनाच ठाऊक. वीट तापवायची, वर रुईची पानं ठेवायची आणि टाच शेकायची. पण घरी शेकलेली टाच वाटेत गार होणार! मग वीटच बरोबर नेली तर? मुनिरा ओढणी शोधत होती तेवढ्यात भाईंनी गॅसवर वीट रसरशीत तापवली, पानांसकट गोणपाटात गुंडाळली आणि क्लचशेजारी ठेवून दिली.

टेंपो निघाला. क्लच दाबायचा आणि टाच विटेवर टेकवायची. नवल म्हणजे टाच दुखेचना!

"बघ गं, एक शब्द तरी निघाला का?"

"झिनतचे अब्बा, जळका वास येतोय."

"शेतात पेंढा जाळत असतील."

"शेत काय तुमच्या पायाखाली हाय? धूर बघा!"

"सायलेन्सर जुना हाय गं!"

चौक आलं. केबिनमधून धुराचे लोट बघून कमलेशने भरलेली बादली आधी भाईंवर रिकामी केली आणि मग विचारलं, "काय झालं, चाचा?"

भाई ऐटीत उतरले. त्यांच्यामागून वीटही उतरली! चप्पल वितळून गोणपाटाला चिकटली होती आणि गोणपाट विटेला.

"एकदा तरी ओरडलो का? टेंपो घरचा!"

मुनिरा हसली नाही. खाली बसून तिने चप्पल सोडवली. टाचेवर हा एवढा फोड!

"भाजलं तरी कळलं नाय तुमाला?" तिने टाच दाबून पाहिली. "अवो, दुखत होती तीच बरी होती!"

भाईंची सगळी ऐट तिथेच उतरली.

"चाची," कमलेश हळूच म्हणाला, "असला पेटणारा टेंपो मला नको."

दुसऱ्या दिवशी भाई मुकाट्याने नसांच्या डॉक्टरकडे गेले. टेंपो घरीच राहिला, पण चावी मुनिराने कमरेला खोचली. "तुमच्या आठवणी ह्यात हायत, मग माझ्या कुठं हायत? मीच शिकते चालवायला!"

आता रोज संध्याकाळी ती मैदानात टेंपो फिरवते. भाई बाजूला बसतात आणि तिने वळण घेतलं की नसलेला ब्रेक जिवाच्या आकांताने दाबतात.

डाव्या टाचेच्या तपासण्या अजून चालूच आहेत. परवापासून उजवीही ठणकायला लागली आहे, पण ती कशाने, हे डॉक्टरांना विचारायची भाईंची काही हिंमत होत नाही!