अप्पांचे वरचे साठ

अप्पा कणसे वारले तेव्हा त्यांचा रक्तदाब एकशेऐंशी होता. त्यातले रास्त एकशेवीस त्यांच्याबरोबर गेले आणि वरचे साठ वारसांच्या नावावर करायचे राहिले.

महिन्याभरानं तिन्ही मुलं तलाठी कार्यालयात हजर झाली. थोरली शालन सासरहून एसटीनं आली. हणमंत आणि विलास हे धाकटे भाऊ मोटारसायकलवरून आले.

"साठ भागिले तीन, वीस-वीस," हणमंत म्हणाला. "कायद्यानं आक्काचा वाटा समान आहे, भाऊसाहेब. मुलगी म्हणून तिला डावलायचं नाही आम्हाला."

"गेल्या आठवड्यात माझ्याकडून जमिनीचं हक्कसोडपत्र लिहून घेतलंत," शालन म्हणाली, "तेव्हा हा कायदा कुठं होता रे?"

"जमिनीचं वेगळं. जमीन घरची. दाब रक्ताचा."

तलाठी तांबोळी यांनी चष्मा पुसला आणि नियमाप्रमाणे चौकशी केली. तंबाखू कोण खातं? हणमंतनं हात वर केला. दिवसभर बसून कोण असतं? विलासचं मोबाईलचं दुकान होतं. जेवताना वरून मीठ? दोघेही. शालन रोज डेअरीला दूध घालायला दोन मैल चालत जायची, हे तांबोळींनी लिहून घेतलं. मग त्यांनी अप्पांच्या दाबाचा जुना कागद काढला.

"कारणाच्या रकान्यात लिहिलंय, बांधावरून शेजाऱ्याशी वीस वर्षं भांडण. म्हणजे दाब जमिनीमुळे आलेला आहे. विहिरीच्या पाण्याचा हिस्सा जसा जमिनीबरोबर जातो, तसा हाही जाणार."

"मग आक्काला?" विलासनं विचारलं.

"काही नाही. तीस-तीस तुम्हा दोघांना."

हणमंतनं तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकली. परत आल्यावर त्याचा आवाज मऊ झाला होता. "आक्का, रस्त्याकडेचा एक एकर तुझ्या नावावर करतो. तुझाच आहे तो."

त्या एकरात शालननं लग्नाआधी आठ वर्षं अप्पांबरोबर खुरप्यानं भांगलण केली होती. हक्कसोडपत्रावर सही करताना तिला रडू आलं होतं, ते कुणाला दिसलं नव्हतं.

"दाबासकट?" तिनं विचारलं.

"सकट. भाऊसाहेब म्हणतात तसं."

शालननं भिंतीवरच्या गावनकाशावर तो एकर बोटानं शोधला.

"नको," ती म्हणाली.

भावांनी सह्या केल्या. तांबोळींनी शिक्का मारला आणि महिन्याला एकदा आरोग्य केंद्रात दाखवून यायला सांगितलं.

स्टँडपर्यंत सोडायला दोघं तिच्याबरोबर चालत निघाले. ओढ्यावरच्या मोरीपाशी हणमंत थांबला आणि कठड्यावर टेकला.

"डोकं जड झालंय?" शालननं विचारलं.

"मागच्या बाजूनं."

"अप्पांचंही तिथूनच सुरू व्हायचं. बस जरा. बोलू नकोस."

विलासही त्याच्या शेजारी बसला. शालननं पिशवी खाली ठेवली आणि पदरानं हणमंतला वारा घालायला लागली. तिची एसटी समोरून निघून गेली. पुढची दीड तासानं होती.