विषुववृत्त, दुपारी चार वाजता

विषुववृत्त ही रेषा काल्पनिक असली, तरी ती ओलांडल्याचा अभिमान खरा असतो. या अभिमानाची नीट व्यवस्था लागावी म्हणून प्रवासी जहाजांवर एक समारंभ होतो. आमच्या धाकटीने तेवढ्यासाठीच तिकीट काढलं. (वय चौऱ्याहत्तर, पण मोठी जाऊ हयात असेपर्यंत धाकटेपणातून निवृत्ती नसते.)

थोरली फार पूर्वी ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन आली होती. तो फोटो तिच्या दिवाणखान्यात दारासमोरच लावलेला. धाकटीचा निम्मा जन्म त्याखाली बसून चहा पिण्यात गेला.

जहाज रेषेवर पोचणार पहाटे. त्या वेळी प्रवासी झोपेत असतात, सबब व्यवस्थापनाने विषुववृत्त आदल्या दिवशी दुपारी चार वाजता घ्यायचं ठरवलं. पुठ्ठ्याचा मुकुट घालून मुख्य आचारी समुद्राचा राजा झाला आणि त्याने प्रत्येकाच्या डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतलं. (ज्येष्ठांना अर्धी बादली, कोमट.) धाकटीने भांडून पूर्ण बादली घेतली. मग सोनेरी कडांचं प्रमाणपत्र मिळालं.

संध्याकाळी एका प्रवाशाचं अपेंडिक्स दुखू लागलं आणि जहाज मागे वळवावं लागलं. कप्तानाने जाहीर केलं, की रेषा ओलांडली गेलेली नाही. प्रमाणपत्र परत करू इच्छिणाऱ्यांनी काउंटरवर यावं. काउंटरवरच्या बाईचा परतीच्या वाटेवर अर्धा स्वेटर विणून झाला.

"देऊन टाकूया का गं परत?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही तुमचं द्या. तुम्ही अर्ध्याच बादलीत भिजलात."

घरी आल्यावर ती प्रमाणपत्राला चौकट करून तडक थोरलीकडे गेली. थोरलीने ते चष्मा लावून वाचलं.

"रेघ ओलांडताना काही कळतं का गं?"

धाकटीने चहाचा कप खाली ठेवला. इथे अडखळलं, की उरलेला जन्मही फोटोखालीच.

"कळतं की, वहिनी. पोटात जरासं हलतं."

थोरलीने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "अगदी बरोबर. ज्वालामुखीपाशी मलाही तस्संच झालं होतं."

धाकटीने मान वर करून इतक्या वर्षांत प्रथमच तो फोटो नीट पाहिला. धगधगत्या ज्वालामुखीसमोर थोरली घरातल्या सपाता घालून उभी होती.

दोघींनी आणखी एकेक कप चहा घेतला. इतका गोडीचा चहा त्या घरात पूर्वी झाला नव्हता.

वाचकहो, खुशाल हसा. फक्त घरात कोणी नसेल तेव्हा आपल्या भिंतीवर काय टांगलंय ते पाहा, आणि ते नेमकं कुठवर जाऊन आणलं, एवढं आठवा. पोटात जरासं हललं, तर आमच्या धाकटीचं वर्णन बिनचूक होतं म्हणायचं.