लाल दिव्याचं सोवळं

खरं सांगतो, मी फक्त एक दिवा लावला होता. काशीत रोज हजारो लोक दिवे लावतात, त्यांचं काही बिघडत नाही. माझंच कसं बिघडतं, देव जाणे!

मी ढुंढिराज. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी बंगळूरच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. याला आमच्या कंपनीत 'वर्क फ्रॉम होम' म्हणतात. आमच्या आईच्या मते याचा अर्थ, पोरगा दिवसभर घरीच असतो. त्यामुळे परदेशी क्लायंटशी बोलताना मागून आई यायची, "ढुंढी, एवढं बरणीचं झाकण उघडून दे रे." मी कोट-टायमध्ये बसून लोणच्याची बरणी उघडायचो. (कोट-टाय फक्त कॅमेऱ्यात दिसतो तेवढ्या भागात. खाली बर्म्युडा. पिवळी, केळ्यांच्या चित्रांची.)

शेवटी एका रविवारी मी दाराबाहेर दिवा बसवला. माझ्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये काहीही नोंद असली की दिवा आपोआप लाल, नसली की हिरवा. जोडीला इलेक्ट्रॉनिक कुलूप. दिवा लाल झाला की दार बंद, हिरवा झाला की उघडं.

"आणि लाइट गेली तर?" बायकोनं, शरदिनीनं विचारलं.

"इन्व्हर्टरवर टाकलंय."

"आतून उघडायला एखादं बटण ठेवा हो."

"आतून कशाला? आत तर मीच असतो ना!" मी म्हणालो. (या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही.)

आईला समजावायला मात्र अर्धा तास गेला. मीटिंग, कॅलेंडर, ऑटोमॅटिक, सगळं सांगून झालं. शेवटी तिचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, मग सोवळ्यात असतोस म्हण की! लाल असताना शिवायचं नाही, हाक मारायची नाही. एवढंच ना?"

एवढंच! आईनं सोवळं म्हटलं आणि घराला शिस्त लागली. बरणी येईना, कुकरच्या शिट्ट्या मोजायची जबाबदारी येईना. आई जिन्यात कुजबुजायची, "हळू चाला गं, ढुंढी सोवळ्यात आहे." महिनाभर मी असं काम केलं की बंगळूरला माझं कौतुक झालं.

फक्त स्वरदा खूश नव्हती. माझी लेक, वय वर्षं आठ. शाळेचं गॅदरिंग, तिचा वाढदिवस, पोहण्याची स्पर्धा, तिन्ही वेळा मी कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये होतो, आणि तिन्ही वेळा मी एकच वाक्य म्हणालो होतो, "पुढच्या वेळी नक्की."

आता गणपतीत मराठी मंडळाची वेशभूषा स्पर्धा होती.

"बाबा, इस बार पक्का?"

"पक्का. तू होणार काय पण?"

"सीक्रेट!" ती म्हणाली. (माझा जुना टाय आणि बिघडलेला हेडफोन आठवडाभर सापडत नव्हते. आपण हुशार असतो तर तिथेच समजायला हवं होतं.)

यावेळी मला खरंच जायचं होतं. तिसऱ्या वेळेला 'पुढच्या वेळी' म्हणालो तेव्हा ती रडली नव्हती, नुसती "अच्छा" म्हणून खेळायला गेली होती. ते मला फार लागलं होतं. म्हणून मी पूर्ण बंदोबस्त केला. कॅलेंडर उघडलं आणि गुरुवारी तीन ते सात ठळक अक्षरांत लिहिलं: 'स्वरदाचा कार्यक्रम. कोणीही मीटिंग ठेवू नये.'

कोणी ठेवली नाही.

गुरुवारी तीनला क्लायंटचा कॉल संपला. कार्यक्रम पाचला. निघताना हाक मारतीलच, म्हणून मी हेडफोन चढवून एक बारीकसं काम हातात घेतलं. घर इतकं शांत होतं की मला वाटलं, स्वरदाची तयारी चाललीय. हेडफोन काढला तेव्हा पाचला दहा कमी होते. मोबाइलवर शरदिनीचा मेसेज होता: 'पोचलो आम्ही. तुमचा दिवा लाल होता, आई हाक मारू देईनात. असू दे.'

तो 'असू दे' वाचून मी तसाच दाराकडे धावलो. दार ओढलं. ढिम्म! आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मी मंद आहे, पण माझा दिवा आज्ञाधारक होता. कॅलेंडरमध्ये *काहीही* असलं की लाल. मोकळं राहण्यासाठी मी स्वतःलाच चार तास कोंडून घेतलं होतं.

मोबाइलवरून नोंद पुसली. दार उघडेना. कुलूप घरच्या वायफायवर चालतं, आणि आईची चाळीस वर्षांची शिस्त अशी की घराबाहेर पडताना घरातलं एकूण एक बटण बंद. वायफाय गेलं होतं. इन्व्हर्टर मात्र सुरू होता आणि कुलूप जिवाच्या करारानं दार धरून बसलं होतं. शरदिनीला सहा फोन केले. उचलला नाही.

खिडक्यांना माकडांसाठी जाळ्या. उरली गच्ची. गच्चीचं दार माझ्याच खोलीत उघडतं, पण तिथून खाली जायला जिना नाही. शेजारच्या वेणीमाधवकाकांची गच्ची तेवढी लागून. मी कठड्यावर चढलो. चार माकडं माझ्या बर्म्युडावरच्या केळ्यांकडे एकटक बघत होती, म्हणून उडी जरा लवकरच मारली.

समोर वेणीमाधवकाका! वय ब्याऐंशी, हातात काठी, काठीवर नुकतं वाळलेलं सोवळं.

"शिवू नकोस!" काका ओरडले.

"काका, मला फक्त खाली जाऊ द्या!"

"जा की. पण माझ्या मागून."

काशीतला जिना म्हणजे एका माणसाचा जिना. बेचाळीस पायऱ्या. काका एका पायरीवर एक श्लोक म्हणत उतरत होते, आणि मी दोन पायऱ्या अंतर राखून मागे. एकविसाव्या पायरीवर ते श्लोक विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून लागले. महिनाभर घरच्यांना मी जे सोसायला लावलं, ते सगळं मी त्या जिन्यात एकट्यानं फेडलं.

खाली आलो तर आमच्या दाराला आईनं सवयीनं बाहेरून कुलूप घातलेलं. म्हणजे पँट चढवायची आशाही गेली. गल्लीत एक गाय आडवी उभी होती. तिनं कोट, टाय, केळी असं वरून खाली पाहिलं आणि चक्क बाजूला झाली. मी मंडळापर्यंत पळत सुटलो.

हॉलच्या दारात पोचलो तेव्हा स्टेजवर शेवटची स्पर्धक उभी होती. कोट, माझा टाय, माझा हेडफोन. खाली पिवळा पायजमा, त्यावर स्केचपेननं काढलेली केळी. हातात लाल कागद गुंडाळलेली टॉर्च.

"हॅलो, हॅलो, माझा आवाज येतोय का?" स्वरदा माझ्याच आवाजात म्हणाली. "एक मिनिट हं. बेटा, बाबांची मीटिंग आहे. पुढच्या वेळी नक्की!"

हॉल हसून हसून आडवा झाला. पहिल्या रांगेत आई डोळे पुसत हसत होती, शरदिनी मोबाइल धरून शूटिंग करत होती. (फोन का उचलत नव्हती ते कळलं.) मीही हसलो. तेवढ्यात स्वरदानं मला पाहिलं. तिनं पटकन टॉर्च बंद केली आणि दोन्ही हात हलवले. मी आलो होतो. वेळेवर आलो होतो! आयुष्यात इतकं बरं मला कुठल्याच कौतुकानं वाटलेलं नाही.

परीक्षक बकुळताई यंदाच नागपूरहून बदलीवर आलेल्या. त्यांनी माइक घेतला.

"पहिलं बक्षीस, स्वरदा! वेश आणि अभिनय, दोन्ही अगदी हुबेहूब. आणि उत्तेजनार्थ, मागे दाराशी उभे आहेत ते गृहस्थ. मोठ्यांनीही भाग घेतला, कौतुक आहे. वेश छानच जमलाय. फक्त एक सुचवते, तुम्ही हे बाबा मीटिंग सोडून मुलीच्या कार्यक्रमाला धावत आलेले दाखवलेत. ते काही पटत नाही."

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात आईच्या. मी स्टेजवर जाऊन प्लास्टिकचा कंपास स्वीकारला.

स्वरदानं आपला चषक एका हातात धरला, दुसऱ्या हातानं माझा टाय सरळ केला आणि फार समजूतदारपणे म्हणाली,

"कोई बात नहीं, बाबा. पुढच्या वेळी नक्की."