रियासत दारात अडकली

मुलांना घरून मदत करायची नाही, असं एकनाथरावांनी पालकांना निक्षून सांगितलं होतं. म्हणूनच मी मदत करायचं ठरवलं.

एकनाथराव म्हणजे आमच्या रजनीच्या शाळेचे हेडमास्तर. छप्पन साली म्हैसूरहून कसलंसं ट्रेनिंग घेऊन आले आणि त्यांनी नववीतल्या चार हुशार मुलांचा खास वर्ग काढला. पाठांतर नाही, धडे नाहीत. प्रत्येकानं स्वतःच्या डोक्यानं एक प्रोजेक्ट करायचा. दुसऱ्याचं डोकं दिसलं, की खास वर्गातून नाव कमी. रजनी त्या चौघांत होती आणि त्या वर्गावर तिचा जीव होता. (हुशारी तिच्याकडे माझ्याकडून आली, असं मी सांगतो. प्रमिला, म्हणजे तिची आई, त्या वेळी दुसरीकडे बघते.)

रजनीनं विषय काय निवडावा? हैदराबादेतल्या आमच्या नल्लकुंट्यात खालच्या गल्लीत नळाला पाणी येतं, मग वरच्या गल्लीत का येत नाही! त्यासाठी ती बाटल्या, रबरी नळी आणि फूटपट्टी घेऊन दारोदार हिंडत होती.

"नळ हा काय विषय झाला?" मी म्हणालो. "काहीतरी भव्य पाहिजे. आपण हैदराबाद राज्याचा नकाशा करू. डोंगर, नद्या, सगळं उठावाचं!"

"पण बाबा, ते राज्य एक नोव्हेंबरला मोडणार ना?"

"म्हणूनच!"

मला राग आला होता, दुसरं काही नाही. आजोबांपासून आम्ही या राज्याच्या कचेऱ्यांत खुर्च्या झिजवल्या, आणि दिल्लीत कुणीतरी भाषा बघून त्याचे तीन वाटे केले. वाटण्या करताना घरच्या माणसाला निदान विचारतात तरी. आम्हाला तेवढंही नाही. म्हटलं, निदान माझ्या घरात तरी रियासत अखंड राहील.

मधल्या खोलीत खोक्यांच्या फळ्या ठोकल्या. वर रद्दीचा लगदा, मेथीची पूड आणि कणकेची खळ.

"जे राज्य पुढच्या महिन्यात राहणारच नाही," प्रमिला म्हणाली, "त्याच्यात माझी कणीक कायकू घालता?"

"बाबा, दार मोजलं का?" रजनीनं विचारलं.

"मोठी माणसं काम करताना मध्ये बोलू नये," मी म्हणालो.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी एक टोक धरलं, मायलेकींनी दुसरं धरलं, आणि रियासत दारात अडकली. दार अडीच फुटांचं, नकाशा दोन्हीकडून चार फुटांचा. उभा करून काढावा, तर लगदा आतून अजून ओलाच. बालाघाटचे डोंगर सुटून गोदावरीत पडायला लागले.

"आडवाच न्यायला पाहिजे," रजनी म्हणाली. "म्हणजे कापायला पाहिजे."

"माझ्या जिवंतपणी नाही!"

तिनं शेजारून करवत आणली. मी जिवंतच होतो. तिनं खडूनं रेघा मारल्या, प्रत्येक तुकडा दाराशी मोजला आणि मराठी, तेलुगू, कानडी असे तीन भाग कापले. बीदर तेवढं तिघांतही थोडं थोडं गेलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. (डोळ्यांत भुसा गेला होता, असं मी तेव्हा सांगितलं.)

बाहेर रिक्षावाल्यानं तिन्ही तुकडे बघितले. "साब, ये तीनों एकीच जगा जाते, की अलग अलग उतारना?"

शाळेत एकनाथराव नकाशाभोवती फिरले. मग माझ्या नखांतल्या लगद्याकडे बघून रजनीला म्हणाले, "खरं सांग. यातलं तुझं काय?"

पोरीचं नाव माझ्यापायी कटणार होतं.

"नकाशा बाबांचा आहे, सर," ती म्हणाली. "दार त्यांनी मोजलं नव्हतं. कापलं मी." आणि कुठून कापलं, तिथूनच का, उरलेले डोंगर कसे वाचवले, सगळं सांगितलं. शेवटी हळूच म्हणाली, "माझा प्रोजेक्ट नळाचा होता."

एकनाथरावांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू वर्गात राहा. नळाचं पुरं कर. मुकुंदराव, तुम्ही मात्र पुन्हा येऊ नका."

तेलुगू आणि कानडी भाग शाळेनं ठेवून घेतले. मराठी भाग आमच्याकडे परत आला, आणि प्रमिलानं तो पाण्याच्या हंड्यावर झाकला. पुढच्याच आठवड्यात माझी वाटणी झाली: मराठी कारकून, सबब मुंबई राज्य, मुक्काम औरंगाबाद.

"खास वर्ग काय औरंगाबादेत नाही," प्रमिला म्हणाली. "रजनी इथंच शिकेल, हौ. मी तिच्याजवळ राहते. तुम्ही जाऊन या." जाऊन या! जसं काही मी कोपऱ्यावर भाजी आणायला निघालो होतो.

निघताना तिनं माझी वळकटी बांधून दिली. रजनी फूटपट्टी घेऊन दाराशी उभी होती. नकाशा त्या दारातून निघेना, म्हणून त्याचे तीन तुकडे करावे लागले. मी मात्र वळकटीसकट, कुठंही न अडकता, एका झटक्यात बाहेर पडलो.