निशाच्या हळदीचा ढोल

लेकीच्या हळदीला डीजे लावायला प्रभाकर ठाकूरांनी साफ नकार दिला. गेल्या वर्षी शेजारच्या उदयसिंहांच्या मुलाच्या हळदीत डीजेने खिडक्या थरथरल्या, तेव्हा पोलिसांना फोन करणारे हेच.

"या विजेवरच्या धिंगाण्याने आपलं संगीत गिळलं!" ते तावातावाने सांगत. "माझ्या दारात ना वायर, ना स्पीकर. आपल्या मातीतलं, अस्सल वाजणार!"

त्यांनी उरणकडून खालू बाजा बोलावला. सनई, टिमकी आणि धर्मराजचा भलाथोरला ढोल.

पनवेलमधल्या त्यांच्या सोसायटीचं पार्किंग चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेलं. धर्मराजने पहिला दणका दिला आणि तो भिंतीभिंतींवर आपटून परत आला. उभ्या गाड्यांचे अलार्म एकदम कोकलू लागले. दचकलेल्या मामीने हळद निशाच्या गालाऐवजी नाकात घातली. प्रभाकर मात्र ढोलाला खेटून खुर्ची टाकून, छाती फुगवून बसले होते.

उदयसिंह बनियनवरच धावत खाली आले. "आवाज कमी करा!"

"कशाचा? स्पीकर दाखवा! एक वायर दाखवा!"

"अहो, आईने कानातलं मशीन काढून ठेवलंय, तरी तिला ऐकू येतंय!"

"मग आनंद माना की! डीजे लावलात तेव्हा कुठे होती आईची काळजी?"

शेवटी प्रभाकरांची बायको सत्यवती धर्मराजकडे गेली. "दादा, जरा हळू वाजवा ना."

धर्मराजचा हात थांबला. चेहरा लाल झाला. "हलू? वयनी, ढोल हाय ह्यो, याला बटन नाय. आमी वाजवतो, नायतर आमी जातो."

"अजिबात जायचं नाही!" प्रभाकर कडाडले. "आणखी जोरात!"

मग धर्मराजने राग ढोलावर काढला.

लग्न पार पडलं. रविवारी सोसायटीची तातडीची सभा भरली. प्रभाकर बाह्या सरसावून गेले. त्यांच्या कानात अजून ढोलच घुमत होता. सेक्रेटरी कीर्ती मॅडम कागद वाचत होत्या, त्यातले 'आवाज', 'त्रास' आणि 'कायमची बंदी' एवढेच शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचले.

प्रभाकर ताडकन उठले. "हे केव्हाच व्हायला हवं होतं! माझा पूर्ण पाठिंबा!" त्यांनी दोन्ही हात वर केले. सगळे वळून त्यांच्याकडे बघू लागले. मग उदयसिंहांनी टाळ्या सुरू केल्या आणि ठराव एकमताने संमत झाला.

जिन्यात सत्यवतीने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "अहो, ढोलाला बंदी घातलीत तुम्ही! डीजे चालेल म्हणे, त्याचा आवाज कमी करता येतो!"

"काय?" प्रभाकर किंचाळले.

या वेळी त्यांना नीट ऐकू आलं होतं.