गुरुबसप्पांचं निर्जंतुक पोट

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नव्या पाट्या लागल्या, लाल दिव्याची गाडी फिरू लागली आणि त्याच साली नळ कोरडे पडले. भांड्यांचे व्यापारी गुरुबसप्पा यांचा राग आधीच नाकावर बसलेला, आता तो खाली उतरेचना. "जिल्हा दिला आन् पाणी नेलं," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

टँकरच्या पाण्यानं गल्लीत एकेकाचं पोट बिघडू लागलं, तसं त्यांनी घरात जाहीर केलं, "गाव आडवं पडू दे. माझ्या घरात एक जंतू जिता ऱ्हाणार न्हाई."

नगरपालिकेतल्या ओळखीनं त्यांनी ब्लीचिंग पावडर मिळवली. पाण्यात जिथं चिमूट पुरे, तिथं यांची मूठ. स्वयंपाकघराला दवाखान्याचा वास सुटला. शिवाय औषधाच्या दुकानातून जंतू मारायच्या कॅप्सूल आणल्या आणि काही झालेलं नसताना चहाबरोबर खारीसारख्या खायला सुरुवात केली.

एके दुपारी दुकानात बसले असताना टँकर रिकामा व्हावा तसा पोटात आवाज झाला. गिऱ्हाइकाच्या हातात पातेलं तसंच सोडून ते पळाले. परत आले ते टँकरवाल्याला शिव्या देत. आणि कॅप्सूल वाढवल्या.

"अहो, ताकभात खावा अन् गप पडून ऱ्हावा," बायको महादेवी म्हणाली.

पण ताकाला दही हवं, आणि दही लागेचना. महादेवीनं शेजारणींकडून विरजण आणून पाहिलं. सकाळी भांड्यात दूधच, तेही वास मारणारं. गुरुबसप्पांना गुन्हेगार सापडला. दूध घालणारी धोंडाबाई दारात येताच ते कडाडले, "दुधात काय मिसळायलीस, बाई?"

"आप्पा, मशीला प्यायला पाणी न्हाई. दुधात कुठलं घालू?"

"मग म्हैसच रोगट असंल तुझी."

धोंडाबाईनं कॅन उचलला. "माज्या मशीला नावं ठिवली त्या गल्लीत दूध न्हाई," म्हणाली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली कोरा चहा पिऊन दुकानापुढं उभी. भांडून भांडून गुरुबसप्पांचा आवाज बसला, पोट मात्र बसायला तयार नव्हतं. शेवटी महादेवी त्यांना डॉक्टर शिवमूर्तींकडे घेऊन गेली.

"आप्पा, पोटात चांगले जंतूपण असतात," डॉक्टर म्हणाले. "कोट्यवधी. अन्न पचवतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. तुम्ही कॅप्सूल खाऊन त्यांनाच मारलं. आता वाइटांना रान मोकळं."

"मी अंड्याला शिवत न्हाई आन् माझ्या पोटात कोट्यवधी जीव?" गुरुबसप्पा चवताळले.

"तसलेच जंतू दुधाचं दही करतात. कॅप्सूल बंद करा, मीठ-साखरेचं पाणी प्या, दही खा."

"दही लागतच न्हाई, डॉक्टरसाहेब," महादेवी म्हणाली.

"दुधात काही घालता का?"

गुरुबसप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पुटपुटले, "जराशी पावडर. टाकत होतो गुपचूप."

महादेवीनं त्यांना दंडाला धरून उठवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "दही तुमीच आणायचं. धोंडाबाईकडून."

उन्हातून, वाटेल त्याला मनात शिव्या घालत ते गावाबाहेरच्या धोंडाबाईच्या खोपटापाशी पोचले. माफी कशी मागायची हे वाटेत ठरवलं होतं. ताठ मानेनं, मोजक्या शब्दांत. पण ती समोर आली आणि पोटात पुन्हा टँकर उलटला.

"बाई, तांब्याभर पाणी दे. लवकर."

धोंडाबाईनं रांजणातून तांब्या भरला आणि तो हातातच धरून ठेवला. "पाणी मशीच्या वाटचं हाय. माज्या दुधात पाणी होतं का, आप्पा?"

"न्हाई."

"म्हैस रोगट हाय का?"

"न्हाई गं माय."

"मग कशी हाय?"

"लई गुणाची हाय. चुकलं माझं. समदं चुकलं. दे आता."

तांब्या मिळताच गुरुबसप्पा बाभळीआड दिसेनासे झाले. लातूर जिल्ह्यात इतक्या घाईनं कुणी माफी मागितली नसेल.

दह्याचं गाडगं घेऊन ते घरी निघाले तेव्हा राग तर भयंकर आला होता. फक्त तो काढायचा कुणावर, हे काही केल्या ठरेना.